चितारओळींतील भुलाबाई

नागपुरास महाल भागांत चितारओळी नांवाची मूर्तिकारांची वस्ती आहे. श्रावणांत कान्होबा, भाद्रपदांत गणपति, आश्विनांत देवी आणि दिवाळीस लक्ष्मी असा तेथील चिताऱ्यांचा वर्षक्रम. गेल्या भाद्रपदी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीं आम्ही नातीस घेऊन तेथें गेलों, तें भुलाबाई आणण्यासाठीं.

पुण्याकडील वाचकांस भोंडला ठाऊक असतो. तिकडे पाटावरील हत्तीच्या चित्राभोंवतीं मुली फेर धरतात. आमच्या विदर्भांत भुलोजी आणि भुलाबाई, म्हणजे शंकर-पार्वती, यांची मातीची जोडी बसवितात. भिल्लिणीच्या वेषांतील पार्वतीस पाहून शंकर भुलले, म्हणून हें नांव, असें सांगतात. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज सायंकाळीं मुलींनीं तिजपुढें गाणीं म्हणावयाचीं, टिपऱ्या खेळावयाच्या आणि झांकलेल्या डब्यांतील खाऊ ओळखावयाचा, असा हा उत्सव. पुष्कळ घरीं तो महिना आतां एका कोजागिरीवर येऊन ठेपला आहे.

दुकानांत दोन प्रकारच्या जोड्या होत्या. एक प्लास्टर ऑफ पॅरिसची, सांच्यांतून निघालेली, गुळगुळीत. हें द्रव्य पाण्यांत मातीसारखें विरत नाहीं, म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२० सालीं त्याच्या मूर्तींविरुद्ध सूचना काढल्या. दुसरी मातीची, पदराच्या चुण्या हातानें काढलेल्या, आणि भुलाबाईचा एक डोळा किंचित् मोठा. मृच्छकटिकांतील रोहसेन मातीची गाडी नको, सोन्याची हवी म्हणून रडतो; आमची नात मात्र मातीच्याच जोडीसाठीं हटून बसली.

"हिचा डोळा मोठा कां?" तिनें विचारलें.

चिताऱ्याची वृद्ध आई म्हणाली, "माहेराची वाट पाहून राहिली ना बाई ते!"

घरीं ज्वारीच्या धांड्यांचा मांडव केला, जोडी बसविली, दिवा लावला. नात म्हणाली, "आजोबा, आतां गाणें सांगा." आम्ही स्तब्ध झालों. गाणीं येत होतीं तीं आमच्या पत्नीस. आम्ही ३६ वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें, मुलांकडून रूपें घोकून घेतलीं. पण माजघरांतील तीं गाणीं बायकापोरींचीं म्हणून कधीं कान देऊन ऐकलीं नाहींत, मग लिहून घेणें दूरच. ३ वर्षांपूर्वीं ती गेली. तिजबरोबर गाणींही गेलीं.

दुसऱ्या दिवशीं वही घेऊन शेजारच्या ८० वर्षांच्या आजींकडे गेलों. त्या हंसून म्हणाल्या, "मास्तर, आतां तुम्ही विद्यार्थी!" पहिल्या दिवशीं त्यांस ७ गाणीं आठवलीं, कोजागिरीपर्यंत २१ झालीं. सासरचा जाच, माहेरची ओढ, न्यावयास येणारा भाऊ, सारें त्यांत होतें. आमच्या घरांत ३० वर्षें हेंच गाइलें जात होतें, आणि आम्ही बाहेर ओटीवर बसून वर्तमानपत्र वाचीत होतों.

भुलाबाई चितारओळींत मोल देऊन मिळते. गाणें मिळत नाहीं. ज्यांच्या घरीं तें येणारी कोणी वडील बाई असेल, त्यांनीं पौर्णिमेची वाट न पाहतां आजच वही काढावी.