पारदर्शक थरातली धूळ

धूळ ही सर्व रंगकामाची वैरीण. परंतु अपारदर्शक रंगात तिला निदान लपायला जागा असते. रंगाचा पुढचा हात फिरला की ती झाकली जाते, फार तर एक बारीकसा उंचवटा मागे उरतो. पारदर्शक लेपात मात्र ती झाकली जात नाही, तर प्रदर्शनास मांडल्यासारखी दिसते. काचेच्या पेटीत ठेवलेला फुलपाखराचा नमुना जसा चहूबाजूंनी न्याहाळता येतो, तसा लेपात अडकलेला सदऱ्याचा एक धागा जन्मभर न्याहाळता येतो. आणि ज्याने तो लेप दिला त्याला त्या धाग्याखेरीज दुसरे काही दिसत नाही.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि गेली काही वर्षे सुटीच्या दिवशी प्लास्टिकच्या लहान प्रतिकृती बनवतो. सध्या मेजावर आहे ती मुंबईची पद्मिनी टॅक्सी, मूळ गाडीच्या एक चोविसांश आकाराची. काळे अंग, पिवळे छप्पर. एका खेळण्याचे कवच वेगळे करून, त्याचा मूळ रंग उतरवून आम्ही ती नव्याने उभी करीत आहोत. या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरचा धागा खऱ्या गाडीवर बारा मिलिमीटरचा होतो. म्हणजे गाडीच्या दारावर चवळीचा दाणा चिकटवून ठेवावा, तसे. काळ्या रंगावर तर तो हमखास दिसतो.

ही टॅक्सी निवडण्याचे कारण घरचे आहे. आमच्यापैकी एकाचे वडील, ज्यांना आता आम्ही दोघेही अण्णा म्हणतो, मुंबईत अशीच टॅक्सी चालवीत. शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत टॅक्सी म्हणून नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जातच मुंबईच्या रस्त्यावरून उठली. अण्णा त्याआधीच कोकणात परतले होते. वर्तमानपत्रातली ती बातमी त्यांनी वाचली, घडी घातली आणि विचारले, "तुम्ही ती विमानं कसली बनवता, गाडी नाही का बनवता येत?" आता त्यांची दृष्टी मंदावत चालली आहे. डाव्या डोळ्याचे काही खरे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यामुळे काम केव्हातरी पूर्ण करू, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

धूळ येते कुठून, हा पहिला प्रश्न. आमच्या भागात जांभ्याची तांबडी धूळ आहेच. पण तिच्यावर सगळे खापर फोडणे अन्यायाचे होईल. लेपात सापडणारी बहुतेक धूळ रंगवणाराच घेऊन येतो. सुती सदरा, केस, खांद्यावरचा पंचा, आणि डोक्यावरचा पंखा. पंख्याच्या पात्यांवर साठलेला काळा थर सर्वांना ठाऊक असतो आणि कोणालाच दिसत नाही. म्हणून काम सुरू करण्याच्या तासभर आधी पंखा बंद, खिडक्या बंद, आणि जमिनीवर पाण्याचा शिडकावा. गॅरेजमधले पेंटिंगवालेही गाडी मारण्यापूर्वी फरशी ओली करतात ती याचसाठी. पायाबरोबर उडणारी धूळ ओल्या जमिनीवर बसून राहते. काहीजण न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ भरतात, ती निवून खाली बसली की तिच्याबरोबर हवेतली धूळही बसते, आणि मग तेथेच फवारणी करतात. युक्ती चांगली आहे. अट एकच, वाफ पूर्ण जिरेपर्यंत थांबायचे. देवघरातला दिवा आणि उदबत्ती मात्र शांत असलीच पाहिजे. लॅकरच्या वाफा पेट घेतात, तिथे श्रद्धेचा प्रश्न येत नाही.

दुसरे कारण प्लास्टिकच्या स्वभावातच आहे. पॉलिस्टायरीन कोरड्या फडक्याने घासले की त्यावर स्थिर विद्युत साठते आणि ते आसपासची धूळ स्वतःकडे ओढून घेते. म्हणजे जितके पुसावे तितके मळते! नवशिक्या माणूस लेप देण्याच्या क्षणापूर्वी शेवटचा हात म्हणून कोरडे फडके फिरवतो आणि मग हवेला दोष देतो. योग्य रीत अशी की आदल्या दिवशी भाग कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाच्या एका थेंबाने धुवावा, झाकणाखाली निथळू द्यावा, आणि ऐनवेळी किंचित दमट, धागे न सोडणारे फडके हलकेच टेकवावे.

अण्णांना हे सांगितले तेव्हा ते हसले. पहाटे पाच वाजता गाडी पुसण्याचा त्यांचा नियम हाच होता: आधी पाणी सोडायचे, धूळ वाहून जाऊ द्यायची, पिवळे फडके नंतर. "कोरडं फडकं मारलं की गाडीला ओरखडे. शेठ लोकांच्या पोरांना कळत नाही ते." आता कारणे निराळी आहेत हे खरे. त्यांच्या धुळीत कचकच होती, आमच्या धुळीत वीज आहे. पण हाताला लागलेले वळण तेच.

ऋतूचा पेच याहून कठीण. पौष-माघातल्या कोरड्या हवेत प्लास्टिकवरची वीज लवकर ओसरत नाही, धूळ उडते. पावसाळ्यात हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, पण तेव्हा लॅकर दुधाळ पडते. त्यातले द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले बाष्प त्यावर निवते आणि थरात अडकून पांढरी झाक देते. हळू उडणारा रिटार्डर थिनर मिसळला तर थोडा बचाव होतो; मात्र लेप जितका वेळ ओला, तितकी धुळीला संधी अधिक. एक दोष टाळावा तर दुसरा दारात उभा. जपानची उरुशी लाख याच्या नेमकी उलट वागते. ती झाडाचा चीक असते आणि तिच्यातला किण्वक तिला दमट हवेतच घट्ट करतो. म्हणून तिथले कारागीर चीक कागदातून गाळून घेतात आणि लेप दिलेली वस्तू ओलसर, बंद कपाटात ठेवतात. दमटपणा आणि धुळीपासून संरक्षण एकाच कपाटात! कोकणात बसून आम्हांला याचा हेवा वाटतो. सावंतवाडीच्या गंजिफांवरचा लाखेचा चकचकीत हात पाहताना हा प्रश्न आमच्या मनात येतोच. पण आपल्याकडची लाख किड्यांपासून मिळते, तिचा धर्म वेगळा.

आणखी एक गोष्ट, जी कळायला माणसाला बरीच वर्षे लागतात: जिला आपण धूळ म्हणतो तीतील पुष्कळशी धूळ नसतेच. एअरब्रश फार दुरून धरला तर थेंब वाटेतच अर्धवट सुकतात आणि पृष्ठभागावर खरखरीत कण होऊन पडतात. बाटलीच्या तोंडाशी सुकलेल्या लॅकरचे तुकडे आत पडतात. ब्रशच्या टोकावरची पापडी सुटून उडते. या कणांवर खिडक्या बंद करून इलाज होत नाही. लॅकर जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळावे, टोक वारंवार पुसावे, अंतर वीतभराहून कमी ठेवावे. फवाऱ्याचा डबा असेल तर तो काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवला की फवारा बारीक पडतो. पाणी कोमटच, आणि शेगडीवर कदापि नाही. पहिले दोन हात विरळ, कारण एकदम ओला थर दिला तर नंबराचे डिकॅल सुरकुततात. नंतरचा हात पुरेसा ओला, म्हणजे तो आपोआप सपाट पसरतो. नाकावर सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कुप्यांचा मुखवटा हवा. कापडी पट्टीने काही अडत नाही. मोटारींसाठी वापरतात तो दोन घटकांचा युरेथेन लेप काचेसारखा होतो, पण त्यातल्या आयसोसायनेटमुळे आम्ही तो घरात आणत नाही.

लेप देताच झाकण. केकचा पारदर्शक डबा आतून ओल्या फडक्याने पुसून उपडा ठेवायचा, वाफ जायला एका कडेला आगपेटीची काडी. मग खोलीतून निघून जायचे. हे शेवटचे पथ्य सर्वांत अवघड. दर पाच मिनिटांनी झाकण उचलून पाहणारा माणूस प्रत्येक वेळी नवी धूळ आत सोडतो.

मम्मटाने काव्यप्रकाशात प्रसादगुणासाठी दोन उपमा वापरल्या आहेत, सुकलेल्या सरपणातला अग्नी आणि स्वच्छ पाणी. वर्गात आम्ही पाण्याची उपमा घाईने उरकतो, कारण ती सोपी वाटते. लॅकरशी गाठ पडल्यापासून ती तशी वाटत नाही. स्वच्छता हा पाण्याचा स्वभाव असेल. माणसाने दिलेल्या थराचा नाही. कवितेवर आपण स्पष्टीकरणाचा जो पारदर्शक हात देतो, त्यात आपल्या सदऱ्याचे धागे किती असतात हे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत दिसते. कविता विसरलेली असते आणि आपली लाडकी शब्दकळा तेवढी जशीच्या तशी उतरलेली असते. आमच्यातला एकजण म्हणतो की लेपच देऊ नये, कविता उघडी ठेवावी. दुसऱ्याचे म्हणणे, लेपाशिवाय डिकॅल टिकत नाहीत. हा वाद विभागात रंगतो, आणि मिटत नाही.

नावाचाही एक योग आहे. जायसीच्या १५४० सालच्या पद्मावतात अलाउद्दीनाला पद्मावती दिसते ती आरशात. आणि अण्णांची पद्मिनी त्यांच्या लेखी स्वच्छ तेव्हा, जेव्हा छपरात स्वतःचा चेहरा दिसे.

गेल्या रविवारी आम्ही गाडी त्यांच्या हाती दिली. चौथा हात देऊन आठवडा झाला होता. त्यांनी ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, आमच्यासारखीच. आणि उजव्या डोळ्याजवळ नेऊन, मागच्या डाव्या दारावर नख न लावता बोट दाखवले. कण होता. आम्हां दोघांना चांगले डोळे असून दिसला नव्हता.

त्याचा इलाज ठाऊक आहे. लेप पुरता मुरू द्यायचा, दोन हजार नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून तेवढ्याच जागी हलके फिरवायचा, मग बारीक आणि अतिबारीक रबिंग. कण लेपाच्या वरच्या भागात असेल तर निघतो. तळाशी, रंगाला टेकून असेल तर घासता घासता काळा रंगच उघडा पडतो, आणि हा कण दाराच्या कडेजवळ आहे, जिथे थर सर्वांत पातळ असतो. भिंग लावूनही तो किती खोल आहे याचा अंदाज येत नाही. एकाचे मत घासावे, दुसऱ्याचे मत राहू द्यावा.

अण्णांना विचारले. ते म्हणाले, "नाक्यावर उभी राहिली की एवढं बसायचंच." मग थोड्या वेळाने, "पण पुसायचो मी."

मीटर अजून बसवलेला नाही. तो डाव्या बाजूला, काचेच्या पुढे, बाहेर असायचा. प्लास्टिकच्या पट्टीतून कापलेला आमचा मीटर तांदळाच्या काही दाण्यांएवढा आहे आणि सध्या दुसऱ्या डब्याखाली वाळतो आहे. वॉटर पेपर आणून ठेवला आहे. घासायचे की नाही हे येत्या रविवारी अण्णांसमोरच ठरेल, आणि घासायचे ठरले तर फडके त्यांनी धरायचे आहे, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे.