शून्यांचा भार

मराठीच्या प्राध्यापकांनी पायथनच्या नादी लागावे की नाही, हा वाद येथे नको. ‘ज्ञानेश्वरी’त कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या सहवासात किती वेळा येतो, एवढाच आमचा प्रश्न होता. ओव्या सुमारे ९ हजार. शब्दरूपे ढोबळमानाने ३० हजार धरली आणि उभी तेवढी, आडवी तेवढी घरे असलेला एक अ‍ॅरे नम्पायकडे मागितला. उत्तर एका ओळीचे आले : मेमरी एरर.

नकार सकारण होता. ३० हजार गुणिले ३० हजार म्हणजे ९० कोटी घरे. काही सांगितले नाही, तर नम्पाय दर घराला ८ बाइट देते, म्हणजे ७.२ जीबी. यंत्राची सगळी मेमरी ८ जीबी, आणि तीतला बराच भाग ऑपरेटिंग सिस्टिमने आधीच अडवलेला. (लिनक्सवर हीच मागणी कधीकधी निमूट मान्य होते आणि घरे भरता भरता प्रोग्राम मध्येच मरतो. त्यापेक्षा स्पष्ट नकार बरा.) मेमरी विकत घेऊनही फारसे साधत नाही. शब्द दुप्पट झाले की घरे चौपट होतात.

पहिला उपाय सोपा आहे. मोजणीला अपूर्णांक लागत नाहीत. तेव्हा दर घराला २ बाइटांचा पूर्णांक पुरतो. तक्ता १.८ जीबीत बसतो. १ बाइटाचा मोह मात्र टाळावा. त्यात २५५ च्या पुढे मोजता येत नाही. पुढची भर पडली की आकडा शून्यावर येतो, आणि अ‍ॅरेच्या बेरजेत तसे कोणी सांगतही नाही. शिवाय प्रमाण काढण्यासाठी भागाकार केला, की ८ बाइटांचा नवा तक्ता उभा राहतो आणि पुन्हा तीच एरर.

दुसरा उपाय सर्रास सुचवला जातो : एकदाच आलेले शब्द गाळा, ‘तें’, ‘लागीं’ छाटून मूळ रूपे तेवढी ठेवा. येथे आमचे जमत नाही. संपूर्ण ग्रंथात एकदाच आलेला शब्द हा संगणकाला कचरा वाटत असेल. अभ्यासकाला तो कवीने एकाच जागेसाठी राखून ठेवलेला शब्द असू शकतो. विभक्तीही अर्थाचाच भाग आहे. यंत्राच्या सोयीसाठी ग्रंथ लहान करायचा, तर मोजायचे कशाला?

खरी वाट तक्त्याकडे पाहिल्यावरच दिसते. ओवीत सरासरी १२ शब्द धरले, तर एका ओवीतून १३२ जोड्या निघतात; ९ हजार ओव्यांतून फार तर १२ लाख. ९० कोटींपैकी १२ लाख! हजार घरांमागे दीड घरही भरलेले नाही. बाकी सारी शून्ये, आणि त्यांचाच भार यंत्राला पेलेना. भाषेत बहुतेक शब्द एकमेकांना कधी भेटतच नाहीत.

सायपायमध्ये अशा विरळ तक्त्यांची सोय आहे. तेथे शून्ये लिहीतच नाहीत. भरलेल्या घराची ओळ, स्तंभ आणि आकडा एवढेच ठेवतात. प्रत्येकी ४ बाइट धरले, तरी १२ लाख घरे साधारण १४ एमबीत मावतात. सवयीने त्याच तक्त्याचे पुन्हा साध्या अ‍ॅरेत रूपांतर केले, की सगळी शून्ये परततात, एवढे पथ्य पाळायचे. एकदाच आलेले शब्द आता जागच्या जागी आहेत. त्यांच्या शेजारी कोण बसले आहे, ते ओवीनिहाय पाहतो आहोत.