दीड खोली

जोसेफ ब्रॉडस्कीचा आईवडिलांवरचा निबंध मी पहिल्यांदा वाचला तो ऑफिसात, बिल्ड चालू असताना. बिल्ड फेल झाला, मी वाचत राहिलो.

लेनिनग्राडच्या एका सामायिक फ्लॅटमध्ये या कुटुंबाच्या वाट्याला दीड खोली आली होती. त्यातली अर्धी मुलाची. कपाटं आणि पुस्तकांची शेल्फं आडवी लावून त्याने ती केलेली. एका कपाटाची पाठ काढून टाकली होती, त्यामुळे त्याच्याकडे जायचं तर कपाटाचं दार उघडून आतून जायचं. बाबांचं लहानपण चाळीत गेलं. त्यांना हे फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "आमच्याकडे नुसता पडदा होता."

१९६४ साली ब्रॉडस्कीवर 'आयतखाऊ' म्हणून खटला भरला. तुला कवी कोणी ठरवलं, असं न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं. आर्खांगेल्स्क भागातल्या खेड्यात पाच वर्षांची शिक्षा झाली, तो दीडेक वर्षात सुटला. १९७२मध्ये त्याला देशाबाहेर काढलं, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. मुलाला भेटायला जाऊ द्या, म्हणून आईवडील पुन्हा पुन्हा अर्ज करत राहिले आणि अर्ज नामंजूर होत राहिले. आई १९८३ साली गेली, वडील १९८४ साली. नोबेल मिळालं १९८७ला.

आणि आईवडिलांवरचा हा निबंध तो इंग्रजीत लिहितो. रशियन ही त्यांना अडकवणाऱ्यांचीही भाषा. तिच्यात लिहिलं तर त्यांची कैदच लांबेल, इंग्रजीत निदान थोडी मोकळीक मिळेल, असं त्याचं म्हणणं. मला ते आधी पटलं नाही. आईचं स्वयंपाकघर परक्या भाषेत? अजूनही पूर्ण पटलेलं नाही, पण त्यातला राग कळतो.

आजी गेली तेव्हा मी अमेरिकेत होतो. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली. भारतात गेलो तर स्टॅम्पिंग होऊन परत कधी येता येईल, याची खात्री नव्हती. मी गेलो नाही. याला निर्वासन म्हणायची माझी हिंमत नाही. मला कोणी हाकललं नव्हतं, कोणी अडवलंही नव्हतं. नोकरी, घराचं भाडं, कर्जाचे हप्ते असा हिशोब मांडून मी स्वतःच ठरवलं होतं. ब्रॉडस्कीकडे बोट दाखवायला एक सरकार तरी होतं.

आजीबद्दल मी इंग्रजीत एवढंच लिहिलंय: रजेच्या अर्जात, नात्याच्या यादीतून 'ग्रँडपेरेंट' निवडलं. तीन दिवस मिळाले. घरात बसून काढले.

तिच्याविषयी लिहायला बसलो की फार काही हाती लागत नाही. ब्रॉडस्कीही आठवणीच्या तुटपुंजेपणाबद्दल कुरकुरतो, पण त्याला कपाटं आठवतात, भांडी आठवतात. मला शेवटच्या दोन वर्षांतला आठवतो तो साताऱ्याच्या घराचा पंखा. व्हिडिओ कॉलवर आजी फोन मांडीवर आडवा धरायची, कॅमेरा वर. "अरे, दिसतोयस की तू!" ती म्हणायची. मला दिसायचा फिरणारा पंखा, कधी तिची हनुवटी. "आजी, फोन जरा उभा धर," असं मी दर वेळी सांगायचो. ती धरायची, आणि बोलता बोलता हात पुन्हा खाली जायचा.

वीज गेली की पंखा मंदावायचा, आणि मग एका पात्यावरचा ऑइलपेंटचा निळा ठिपका दिसायचा. आजोबांनी खिडक्या रंगवल्या, तेव्हाचा असावा. आजीला विचारायचं राहिलं.