वीस मीटर आणि एक ‘बीप’!

अहो, तुम्हाला सांगते, गेल्या रविवारपासून मला चैन नाही! नांदेडहून लातूरला भावाकडे गेले होते. भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटेच म्हणाला, ‘आत्या, चल की ग्राउंडवर!’ गेले. आणि मग जे पाहिलं!

समोरासमोर दोन रेषा, मधे बरोबर २० मीटर. स्पीकरवर ‘बीप’ वाजला की पळायचं, पुढच्या बीपच्या आत समोरची रेषा गाठायची, आणि मग परत, आणि मग परत, आणि दर मिनिटाला बीप लवकर लवकर वाजायला लागतो, आणि मग एकदा बीप आधी वाजतो आणि पाय मागे राहतो! तिथं तुमचा दम कळला! सुरुवात ताशी ८.५ किलोमीटरनं, दर मिनिटाला नवा टप्पा, वेगात अर्ध्या किलोमीटरची वाढ. कॅनडाच्या लुक लेजे यांनी १९८२ मध्ये ही चाचणी मांडली म्हणे. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते प्रयोगशाळेत तोंडाला मास्क लावून मोजतात. त्याचाच अंदाज इथं साध्या मातीवर!

आणि मग भिंतीवरची उडी! बोटांना खडू लावून हात वर करायचा, खूण करायची. मग जागेवरून उंच उडी, दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमच्या पायांचा जोर! एक खडू, एक टेप!

मी काही यातली जाणकार नाही. पण एक गोष्ट मनात रुतून बसली. भरतीत १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. पोरगं कमी पडलं तर घरी एवढंच कळतं, की राहिलं. कशात राहिलं? दमात, वेगात, की ताकदीत? ते या चाचण्या आधीच सांगतात! दर महिन्याला वहीत आकडे लिहायचे, जे कमी ते वाढवायचं. नशिबाला बोल कशाला लावायचा!

आणि थोडक्याची किंमत बघा! आपल्या मराठवाड्याचा, बीडचा अविनाश साबळे. २०२२, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा, ३००० मीटर स्टीपलचेस. वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद, रौप्य! सुवर्ण किती दूर होतं? फक्त ०.०५ सेकंद! पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो हो!

मग मीही रेषेवर उभी राहिले. तिसऱ्या टप्प्यापर्यंत पळाले! वय ४४, आयुष्यातला पहिला आकडा! वहीच्या नव्या पानावर भाच्यानं लिहिलं, ‘आत्या, ३.’

नांदेडला आल्या आल्या गल्लीत टेप धरला. लिंबाच्या झाडापासून आमच्या फाटकापर्यंत बरोबर २० मीटर भरले! बीपचं रेकॉर्डिंग मोबाईलवर आहेच. बीपी, शुगर, छातीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नाहीतर रविवारी सहाला या! वहीत तुमच्या नावाचं पान सोडलंय!