बिघडलेल्या कागदांची फाईल

तुम्ही कलेचा तास कसा घेता? टाचणवहीत काय लिहिता ते विचारत नाहीये, प्रत्यक्षात कसा घेता ते विचारतेय.

आधी माझंच सांगते. बरीच वर्षं मी टाचणात ‘मुक्तचित्र’ लिहायचे, फळ्यावर विषय लिहायचे आणि तोवर इकडे गणिताच्या वह्या तपासून व्हायच्या. चाळीस मिनिटांनी वर्गातून काय गोळा व्हायचं ते तुम्हाला ठाऊक आहेच. दोन डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, तिथून निघालेली नदी, काठावर घर आणि आभाळात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. कोकणातली शाळा होती म्हणून एक माड जास्तीचा. मी काही चित्रकलेची शिक्षिका नाही. छोट्या शाळेत सगळे विषय एकीकडेच असतात, त्यात हाही एक. रंग रेषेच्या बाहेर जाऊ देऊ नका, ब्रश नीट धुवा, पान खराब करू नका, एवढंच माझं कलाशिक्षण.

२०१९च्या जुलैतली गोष्ट. सहावीचा वर्ग, बाहेर पाऊस धो धो. एक मुलगी निळं आभाळ रंगवत होती, छान एकसारखं. मुलं रंगाचं पाणी करवंटीत घ्यायची. तिची करवंटी कलंडली आणि त्या निळ्यावर पाणी पडलं. बघता बघता मधला रंग पांगला आणि भोवती फुलकोबीसारखा वेडावाकडा गडद काठ उमटला. मी जवळून जात होते. म्हटलं, “अगं, बिघडवलंस की चांगलं आभाळ! दुसरं पान घे.”

तिने दुसरं पान घेतलं. त्यावर पेन्सिलने घर काढलं आणि रंग दिलाच नाही. त्या वर्षी पुढेही कधी दिला नाही. “मला पेन्सिलच आवडते बाई,” म्हणायची. मला ते खरं वाटलं. काम सोपं झालं असंही वाटलं असेल, खोटं कशाला बोलू.

पुढच्या वर्षी शाळा बंद झाल्या. सकाळी मुलांना मोबाइलवर अभ्यास पाठवायचा, मग दिवस मोठा. घरात मुलासाठी आणलेली बारा वड्यांची रंगपेटी पडून होती. त्याने त्यातला फक्त काळा संपवला होता. एका दुपारी मी ती उघडली आणि अर्थात दोन डोंगर काढायला घेतले. इतके वाईट झाले की लाज वाटून कागद नळाखाली धरला. रंग ओघळला, डोंगर गेले आणि खाली जे उरलं ते डोंगरापेक्षा कितीतरी चांगलं होतं. पावसात समोरचं काही धड दिसत नाही ना, तसं.

तिथून मला नादच लागला. चित्र काढायचं नाही, नुसतं बघायचं की पाणी काय करतं. चित्र काढायचं नसलं की भीती निम्मी होते. ‘छान आलंय का’ हा प्रश्नच उरत नाही.

जलरंग म्हणजे तसं पाहिलं तर फार साधी वस्तू. रंगाची बारीक पूड आणि ती बांधून ठेवणारा बाभूळ कुळातल्या झाडांचा डिंक. आपण ब्रशने फक्त पाणी आणि पूड कागदावर सोडतो. कुठे जायचं, कुठे थांबायचं हे पुढे पाणी ठरवतं. कागदाला कारखान्यात खळ दिलेली असते, म्हणून तो पाणी लगेच पीत नाही, थोडा वेळ वर खेळू देतो. चित्रकलेच्या साध्या वहीचा कागद पातळ, तो दोन मिनिटांत पापडासारखा वळतो. जाड, तीनशे जीएसएमचा कागद शांत बसून राहतो, पण महाग पडतो. मी एका मोठ्या कागदाचे सोळा तुकडे करते. तुकडा छोटा असला की वाया गेल्याचं दुःखही छोटं.

तर मला त्या फुलकोबीचं कोडं सुटलं ते असं. पहिला रंग पुरता ओला असताना वर थेंब पडला तर तो मऊपणे मिसळून जातो. पुरता वाळल्यावर पडला तर फारसं काही होत नाही. पण मधली एक वेळ असते. कागदावरची चमक नुकतीच गेलेली आणि हात लावला तर गार लागतं. त्या वेळी जास्तीचं पाणी पडलं की ते बाहेरच्या कमी ओल्या भागाकडे सरकतं आणि जाताना रंगाचे कण ढकलत नेतं. जिथे थांबतं तिथे कण साचतात, काठ गडद होतो. चित्रकार हे मुद्दाम करतात. ढगाला, झाडाच्या शेंड्याला, जुन्या भिंतीच्या ओलीला. मी त्याला ‘बिघडवलंस’ म्हटलं होतं.

चहाच्या कपाचा टेबलावर गोल डाग पडतो, त्याचा काठ गडद आणि मधला भाग फिका का असतो, हे कधी मुलांना विचारलंय? १९९७ साली शिकागोच्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये याचं कारण मांडलं. थेंबाची कड जागेवर चिकटून बसते आणि कडेचं पाणी भराभर उडतं. ते भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि सोबत कण नेतं. म्हणजे चहाचा डाग आणि जलरंगाच्या ठिपक्याची गडद कड, दोन्हीकडे एकच हिशेब. हा विज्ञानाचा तास म्हणून घ्या नाहीतर कलेचा, माझी तरी हरकत नाही.

मग मिठाचा प्रयोग. ओल्या रंगावर जाडं मीठ टाकलं की प्रत्येक खडा आपल्याकडे पाणी ओढतो, आणि वाळल्यावर मीठ झटकलं की कागदावर चांदण्या दिसतात, असं वाचलं होतं. मी टाकलं. काहीच नाही. पुन्हा टाकलं, नुसता चिखल. तीन दिवस माझं काय चुकतंय तेच कळेना. शेवटी शाळेत खिचडी करणाऱ्या मावशींशी बोलता बोलता विषय निघाला तर त्या हसल्या. “बाई, श्रावणात मिठाला आपलंच पाणी सुटतंय, ते तुमचं काय ओढणार? तव्यावर परता आधी.” परतलं. चांदण्या आल्या! डोळ्यांसमोर उमलतात हो त्या, वीसेक मिनिटं लागतात. मी एवढी वर्षं विज्ञान शिकवतेय, पण हवेतल्या ओलाव्याचा धडा मला मावशींनी शिकवला.

नंतर आंतरजिल्हा बदलीने मी बीड जिल्ह्यात माझ्या गावाकडे आले, तेव्हा हाच धडा उलटा शिकावा लागला. कोकणात आषाढात तासभर ओला राहणारा कागद इथे एप्रिलमध्ये ब्रश पुन्हा बुडवेपर्यंत वाळतो. ती मधली गार वेळ येते आणि जाते, कळतही नाही. मग कागद मागूनही ओला करायचा, खाली ओलं फडकं घालायचं, सकाळी सातच्या आत बसायचं. पुस्तकातल्या ‘पाच मिनिटे थांबा’ला काही अर्थ नाही, कुठली पाच मिनिटं ते सांगा. पुण्याच्या मिलिंद मुळीकांची जलरंगातली कामं बघताना मला हल्ली झाडं-घरं नंतर दिसतात, आधी वाटतं, यांनी इथे किती वेळ वाट पाहिली असेल?

बाकीचे खेळ भरभर सांगते, कारण ते करूनच बघायचे असतात. पांढऱ्या मेणबत्तीने कागदावर काहीतरी गिरबटा, दिसणार नाही, वरून रंगाचा हात फिरवा. मेण पाणी घेत नाही म्हणून लिहिलेलं उघडं पडतं. पहिली-दुसरीच्या मुलांना ही जादूच वाटते. शाळेत उरलेलं पातळ सॅनिटायझर असेल तर ओल्या रंगावर त्याचा एकच थेंब टाका, रंग घाबरल्यासारखा मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखं गोल उरतं. हा थेंब मोठ्यांनीच टाकायचा आणि मेणबत्तीच्या खेळाच्या दिवशी नाही, कारण सॅनिटायझर पेट घेतं. काळ्या स्केचपेनचा ठिपका टिपकागदावर काढून कागदाची कड पाण्यात धरा, काळ्यातून निळा-जांभळा-पिवळा असं काय काय बाहेर पडतं. प्रत्येक पेनाचं वेगळं.

हळदीला मात्र थोडी जागा देते. पाण्यात हळद कालवून कागद रंगवा, वाळू द्या. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने त्यावर लिहा. अक्षरं तांबडी उमटतात. हळद आणि चुन्यापासून कुंकू करायचे ते याच गुणावर. एका मुलाची आजी हे ऐकून वर्गात येऊन बसली होती आणि माझ्यापेक्षा चांगलं समजावून गेली. फक्त हळदीचं चित्र भिंतीला लावू नका, उजेडात तिचा रंग टिकत नाही.

रंग किती घ्यावेत? तीन. लाल, पिवळा, निळा. चोवीस रंगांची पेटी हे पालकांचं समाधान असतं, मुलांचं नाही, असं माझं मत झालंय. पेटीत तयार हिरवा असला की मूल हिरवा बनवत नाही. मोठ्यांसाठी एक जोडी सुचवते, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना नावाचा विटकरी तपकिरी. दोन्ही मिसळून भरपूर पाण्यात सोडले तर पावसाळी राखाडी रंग मिळतो आणि निळ्याचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी स्वयंपाकघरातून नवऱ्याला हाक मारून आणलं. तो म्हणाला, “बरं आहे. पण हे काय आहे?” काहीच नव्हतं ते.

‘काय आहे’ या प्रश्नाचा मला पूर्वी धाक वाटायचा. मग रवींद्रनाथ टागोरांबद्दल वाचलं. हस्तलिखितात ते जे शब्द खोडायचे, ती खाडाखोड त्यांना तशीच ठेववत नसे. खोडलेल्या ओळी जोडून ते त्यातून पक्षी, चेहरे, कसले कसले प्राणी काढत. ‘पूरबी’च्या हस्तलिखितात अशी पानंच्या पानं आहेत. तिथून ते चित्रांकडे वळले, आणि १९३० साली पॅरिसला त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. मी काही त्यांची बरोबरी करत नाहीये, पण माझ्या चाळिशीचं ओझं जरा कमी झालं.

आता ते राहिलेलं सांगते.

२०२१च्या जूनमध्ये, म्हणजे मी अजून कोकणातच असताना, ती मुलगी वडिलांबरोबर शाळेत आली. सातवी पास झाली होती, हायस्कूलसाठी दाखला हवा होता. मुलं नव्हती, आम्ही शिक्षक तेवढे कार्यालयात. शेजारच्या रिकाम्या वर्गात बाकांवर माझे पंधरा-वीस तुकडे वाळत पडले होते. वडील हेडसरांकडे कागद भरत होते आणि ही त्या वर्गात गेली. मी मागून गेले.

ती वाकून एकेक बघत होती. म्हणाली, “बाई, हे सगळं बिघडलंय ना?”

“हो. मीच बिघडवलंय.”

ती हसली नाही. मला राहवेना. म्हटलं, “सहावीत तुझ्या आभाळावर करवंटी सांडली होती, आठवतं?”

“करवंटी नव्हती बाई. बाटलीचं झाकण होतं.” आणि मग जरा वेळाने, बाकाकडे बघतच, “सांडलं नव्हतं. मीच टाकलेलं. ढग करायचा होता.”

दोन वर्षं मी हा प्रसंग ‘बिचारीची करवंटी कलंडली’ असाच आठवत होते. स्वतःच्या चुकीबद्दल हळहळतानाही तिच्या हातून अपघात झाला हे मी धरूनच चालले होते. “मग तेव्हाच का नाही सांगितलंस?” असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं. कोणाला सांगणार होती? मी तर पुढच्या बाकावर पोचले होते.

“चुकलं माझं,” म्हटलं. तिला काय करावं कळेना, तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मी एक कोरा तुकडा आणि ब्रश तिच्यापुढे ठेवला. “कसा करणार होतीस?”

तिने निळा लावला आणि लगेच पाण्याचा थेंब टाकला. सगळं वाहून गेलं. दुसरा तुकडा. या वेळी ती फार थांबली, थेंब नुसताच बसून राहिला. मी सांगणार होते, चमक जाईपर्यंत थांब म्हणून. नाही सांगितलं. बाहेरून वडिलांची हाक आली, साडेबाराची एसटी होती. “येते, बाबा,” म्हणाली आणि तिसरा तुकडा स्वतःच घेतला. निळा लावला, कागद डोळ्यांच्या पातळीला धरून तिरका बघितला आणि थेंब सोडला.

तो तिसरा तुकडा ओलाच, आडवा हातावर धरून ती एसटीकडे गेली. पहिले दोन माझ्या फाईलमध्ये आहेत.