पाठची

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मधलं भावंड लहानपणीच गेलं, म्हणून त्याच्या पाठची मीच. भंडाऱ्याकडच्या आमच्या आंधळगावात कोष्ट्याच्या घरचं मूल मागाची खटखट ऐकतच मोठं होतं. दादाचा हात तर लवकरच बसला. करवतकाठी लुगड्याचं काम तीन धोट्यांचं. एक धोटा डाव्या काठाचा, एक अंगाचा, एक उजव्या काठाचा. काठ आणि अंग जिथे भेटतात तिथे दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवून करवतीचे दाते उठवायचे. हे काम येणारी म्हातारी माणसं गावात होती, तरुण मात्र थोडेच. दादाला ते विसाव्या वर्षी यायचं. मी शेजारी बसून कांड्या द्यायचे. तो बोलायचा नाही, नुसता हात पुढे करायचा.

२००४ च्या पावसाळ्यात त्याची झोप उडाली. कॉलेजचं टेन्शन असेल, असं सगळे म्हणाले. मग तो मागावरून मध्येच उठायला लागला. मागातून माणसं बोलतात म्हणायचा. धोटा डावीकडे गेला की एक जण नाव घेतो, उजवीकडे आला की दुसरा शिवी देतो. बाबांनी ऐकून घेतलं, मागाची लाकडं हलवून पाहिली आणि जिथे सांधा खिळखिळा वाटला तिथे पाचर ठोकली. "ढिल्ला झाला असन," म्हणाले. कोष्ट्याच्या डोक्यात दुसरं काय येणार? चार दिवसांनी दादा कानात कोशाचा कचरा कोंबून कोपऱ्यात बसलेला दिसला. मागावर हातभर विणलेलं लुगडं तसंच राहिलं. रेशीम व्यापाऱ्याचं होतं, त्याचे पैसे कापले गेले, तरी बाबांनी बरेच महिने तो ताणा उतरवला नाही.

पुढचं वर्ष बाहेरची बाधा काढण्यात गेलं. गावातल्या एकाने लिंबू उतरवले, दुसऱ्याने कोंबडं मागितलं. सौसरजवळच्या जामसावळीच्या हनुमानाला दादाला घेऊन आई राहिली. तिथे आमच्यासारखीच कितीतरी घरं पथाऱ्या टाकून होती. आईला वर्षभरात मोकळं रडता आलं ते तिथेच, कारण तिथे कोणी "का झाला वो?" विचारत नव्हतं. म्हणून मी त्या देवळाला नावं ठेवत नाही. पण दादाला ऐकू येणारे आवाज थांबले नाहीत, हेही खरं. मग कोणीतरी एक जागा सुचवली, जिथे पोराला बांधून ठेवतात आणि तो सुधारूनच येतो. बाबा जवळजवळ तयार झाले होते. शाळेतल्या एका गुरुजींनी त्यांना अडवलं. तमिळनाडूत एरवाडी नावाच्या गावी ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे आग लागली आणि साखळीने बांधलेली २८ माणसं मेली, ही बातमी त्यांनी बाबांना नीट सांगितली. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. त्याच आठवड्यात आम्ही नागपूरला निघालो.

नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचं. बस स्टँडवर उतरून बाबांनी ऑटोवाल्याला हळूच मानकापूर सांगितलं, तर तो चारचौघांत ओरडला, "पागलखाना चौक का?" दादा शांतपणे म्हणाला, "हो, तिथंच." त्या दिवशी आमच्या चौघांत तोच एकटा लाजला नाही.

डॉक्टरांनी आईला आणि बाबांना आत बोलावलं. झोप केव्हापासून नाही, घराण्यात कोणाला होतं का, दारू, गांजा, सगळं विचारलं. मी बाहेर बाकावर डबा सांभाळत होते. वास्तविक दादाची पहिली लक्षणं मलाच माहीत होती, कारण दिवसभर त्याच्या शेजारी मीच बसायचे. पण दहावीतल्या पोरीला कोण विचारतो? स्किझोफ्रेनिया हा शब्द मी चिठ्ठीवर वाचला. हा मेंदूचा आजार आहे, बहुतेकदा ऐन तारुण्यात उगवतो, यात घरच्यांचा दोष नसतो, एवढं समजायला मला पुढची काही वर्षं लागली. तोवर मी मनात हिशेब करत होते की आपण त्याच्याशी भांडलो होतो, त्यानं तर नाही ना झालं?

गोळ्यांनी आवाज कमी झाले आणि हात थरथरायला लागले. त्या थरथरीवर आणखी एक गोळी होती, तिने तोंड कोरडं पडायचं. डॉक्टरांच्या दृष्टीने हे किरकोळ, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण कोशाचा धागा केसासारखा बारीक. तो तुटला की दोन बोटांच्या चिमटीत धरून सांधावा लागतो. दादा सांधायला घ्यायचा, टोकं जवळ आणायचा, ती एकमेकांना चुकवून जायची. पुन्हा आणायचा. घाम यायचा कपाळावर. शेवटी बाबा काही न बोलता पुढे होऊन सांधून द्यायचे. मग दादा कांड्या भरायला बसला. आमच्यात ते बायकांचं आणि लेकरांचं काम. त्याची जागा माझ्याकडे आली आणि माझी त्याच्याकडे गेली. मला मागावर बसताना आनंद व्हायचा, तो लपवावा लागायचा.

घराचं सगळं वेळापत्रक त्याच्याभोवती फिरायचं. त्याला वाटायचं, भाजीत काही कालवलंय. मग मी आधी त्याच ताटातला घास खायचा, त्यानंतर तो जेवणार. विळा आणि सुरी तांदळाच्या कोठीत. रात्री आई दाराशी आडवी झोपायची, तो निघून जाऊ नये म्हणून. पोळ्याला, लग्नाला आम्ही आळीपाळीने जायचो, म्हणजे कोणी तरी घरी. पाहुण्यांनी यायचं कमी केलं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ते बरंच वाटलं. माझं बारावीचं वर्ष शेजारच्या काकूंच्या माळ्यावर गेलं. चिडून मी काही बोलले की आई म्हणायची, "तो बिमार हाये बाई, तू तं समजदार हायेस ना." ही समजदारी मी मागितली नव्हती. ताप आला तरी मी सांगायचे नाही. घरात एकच आजारपण मावत होतं.

लग्नाचं निघालं तेव्हा बाबांचा विचार होता की दादाला दोन दिवस मामाकडे ठेवू. मी नाही म्हटलं. पाहुण्यांना सगळं सांगितलं. काही जण चहा पिऊन गेले ते गेलेच. त्यांची भीती अगदी निराधार होती असंही नाही. हा आजार साधारण शंभरात एकाला होतो, सख्ख्या भावंडाला धोका शंभरात नऊ-दहा इतका धरतात. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की शंभरातल्या नव्वद भावंडांना तो होत नाही. ज्यांनी हे शांतपणे ऐकून घेतलं त्यांच्या घरी मी आज आहे.

दादा आजारी पडला त्या २००४ सालीच सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा 'देवराई' हा सिनेमा आला होता. मी तो पुष्कळ उशिरा मोबाइलवर पाहिला. अतुल कुलकर्णी आजारी भाऊ, सोनाली कुलकर्णी त्याला सांभाळणारी बहीण. घर त्यांचं वेगळं, पैसा वेगळा, तरी बहिणीच्या कपाळावरची आठी माझ्या ओळखीची होती. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी १९९७ मध्ये सुरू केलेली 'सा' नावाची संस्था आहे, तिथे रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसून बोलतात, असं पुढे वाचलं. आंधळगावहून पुणं फार लांब. आमच्याकडे असं बोलणं विहिरीवर व्हायचं, पण दुसऱ्यांच्या घराबद्दल.

मधल्या काळात आजार दोनदा उलटला. दादाने गोळ्या खिडकीतून टाकल्या होत्या. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी क्लोझापिन दिलं. त्याने कधी कधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं. मोहाडी, भंडारा, पुन्हा आंधळगाव. पण या औषधाने हात थरथरले नाहीत. वजन वाढलं, झोप वाढली, उशीवर लाळ दिसायची, आणि एका सकाळी त्याने तुटलेला धागा सांधला. करवतकाठी त्याने पुन्हा घेतली नाही. साधं कापड विणतो, जमेल तेवढं.

बाबा गेले त्यानंतर एक प्रश्न घरात फिरत राहिला, जो कोणी तोंडाने काढेना. आईनंतर कोण? नातेवाईक माझ्याकडे बघायचे. सासरची माणसंही माझ्याकडे बघायची, वेगळ्या नजरेने. सगळ्यांनी मनात ठरवूनच टाकलं होतं, मला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

ते विचारलं एका कागदाने. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः निवडता येतो. उपचारांचे निर्णय घ्यायला त्याला मदत करणारा, त्याच्या बाजूने बोलणारा. त्यासाठी वकील लागत नाही, स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावर लिहून सही केली की झालं. मात्र ज्याचं नाव लिहिलं त्यानेही लेखी संमती द्यायची असते. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी हे समजावून सांगितलं आणि दादाला विचारलं, कोणाचं नाव लिहू? आई शेजारीच बसली होती. दादा म्हणाला, "माह्या बहिनीचं लिहा. आई रडते, मंग डॉक्टर तिच्याशीच बोलत बसते."

मग बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "तुम्हाला चालेल का? नाही म्हणालात तरी चालतं." इतक्या वर्षांत कोणी मला हे विचारलं नव्हतं. मी लगेच सही केली नाही. घरी जाऊन नवऱ्याशी बोलले, मग आंधळगावला येऊन दादाशी. माझं म्हणणं मी सरळ सांगितलं. तू आंधळगावच्याच घरात राहायचंस, माझ्याकडे नाही. घर, किराणा, दवाखाना, मोहाडीच्या तहसीलमधले निराधार योजनेचे कागद मी पाहीन. गोळी बंद करावीशी वाटली तर खिडकीतून टाकायची नाही, मला फोन करायचा. रात्री मी उचलला नाही तर १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी टेलिमानस सेवा, तिथे रात्रीही माणूस मिळतो आणि मराठीत बोलतो.

दादाने कांडी खाली ठेवून सगळं ऐकलं. मग म्हणाला, "माही पन एक गोष्ट हाये. माह्या मागं डॉक्टरशी बोलायचं नाही. जे बोलायचं ते माह्यासमोर."

मी हो म्हटलं आणि सही केली. त्याने कागद उजेडात धरून दोन्ही नावं वाचली, घडी घालून खिशात ठेवला. "बाईंनं सांगतलं, प्रतिनिधी कधीबी बदलवता येते," तो म्हणाला. "काम बरोबर नाही केलं तं बदलवून टाकीन."