हिऱ्याची नवी चाकरी

"खोटा हिरा" हे शब्द आमच्या मध्यमवर्गीय घरांतून ज्या तुच्छतेनें उच्चारले जातात, ती तुच्छता काचेच्या मण्यांपुरती योग्यच म्हटली पाहिजे. परंतु प्रयोगशाळेंत वाढविलेल्या हिऱ्यासही लोक त्याच पंक्तीला बसवितात, हा मात्र उघड अन्याय होय. द्रव्य तेंच, रचना तीच, काठिण्य तेंच. उणीव एवढीच कीं, तो भूगर्भांतून न येतां माणसाच्या हातून आला. सराफाच्या पेढीवर हा वाद लवकर मिटेल असें आम्हांस वाटत नाहीं. जिनीव्हाजवळ मात्र एका अगदीं निराळ्या कसोटीवर त्याचा निकाल लागून गेला आहे.

तेथें फ्रान्स व स्वित्झर्लंड यांच्या सीमेखालीं सर्न या संस्थेचें २७ किलोमीटर घेराचें वर्तुळाकार यंत्र आहे. प्रोटॉनांचे दोन झोत परस्परविरुद्ध दिशांनीं जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें फिरवून एकमेकांवर आदळवावयाचे, ही त्याची योजना. टकरीच्या जागीं झोत केसाहून बारीक. पण ताशीं १५० किलोमीटर धावणाऱ्या ४०० टनांच्या आगगाडीइतकी ऊर्जा एकेका झोतांत सांठवावी, असा मूळ आराखडा. असा झोत किंचित् ढळला तरी भोंवतालचीं नाजूक उपकरणें क्षणांत निकामी व्हावयाचीं. म्हणून त्याच्या अगदीं निकट पहारा हवा. आणि पहारेकरी असा हवा कीं, जो त्या माऱ्याला स्वतःच प्रथम बळी पडणार नाहीं.

ही चाकरी हिऱ्याकडे आली. २००८ सालीं त्या यंत्रांत पहिला झोत फिरला, तेव्हां ॲटलास नांवाच्या प्रयोगांत टकरीच्या जागेपासून दोन्ही अंगांस सुमारे १.८ मीटरवर कृत्रिम हिऱ्याचे पहारे बसविलेले होते. एकेक तुकडा सेंटिमीटरभर चौरस, अर्धा मिलिमीटर जाड, दोन्ही पृष्ठांवर धातूचा लेप. (याच्या कुड्या होतील का, असा प्रश्न आमच्या घरांतून आला, पैलू नाहींत व तेजही नाहीं, हें ऐकतांच त्यावरील आस्था संपली.) वेगवान कण हिऱ्यांतून आरपार जातांना इलेक्ट्रॉन मोकळे करीत जातो, आणि दोन पृष्ठांमध्यें विद्युद्दाब ठेविलेला असल्यामुळें निमिषमात्र प्रवाह उमटतो. खरी गंमत कालगणनेंत आहे. टकरींतून निघालेले कण दोन्ही पहाऱ्यांवर एकाच वेळीं पोंचतात. पण झोत ढळून अलीकडेच कशावर आदळला, तर त्याचे शिंतोडे एका पहाऱ्यावर आधीं येतात व दुसऱ्यावर सुमारे साडेबारा अब्जांश सेकंदांनीं मागाहून. नेहमींचें कोणतें व संकटाचें कोणतें, हें एवढ्याशा फरकावरून ओळखावयाचें! संकट ठरल्यास झोत वर्तुळांतून बाहेर काढून सुमारें ८ मीटर लांबीच्या ग्राफाइटाच्या ठोकळ्यांत जिरवितात. हिरा आणि कोळसा मूळ द्रव्यानें एकच, हें टेनंटनें १७९७ सालीं दाखविलें. येथें एक भाऊ हाक देतो व दुसरा घाव झेलतो.

खाणींतला हिरा या कामीं बहुधा चालत नाहीं. त्यांतील नायट्रोजनादि अशुद्ध द्रव्यें मोकळ्या झालेल्या इलेक्ट्रॉनांना वाटेंतच अडकवितात. म्हणून मिथेन व हायड्रोजन हे वायु सूक्ष्मलहरींनीं तप्त करून कर्बाचे थर एकावर एक चढवीत हिरा वाढवावा लागतो. त्यांतही स्फटिकांच्या सांध्यांत दोष राहतातच. मौज अशी कीं, आरंभीं किरणांचा थोडा मारा दिला म्हणजे ते सांपळे भरून जातात आणि हिरा अधिक चांगलें काम देऊं लागतो.

प्रहार सोसणें हा उत्तम हिऱ्याचा गुण कौटिल्यानें अर्थशास्त्रांत गणला आहे. घणाच्या बाबतींत हें वचन जपूनच घ्यावें. ठराविक पातळ्यांवर हिरा सहज दुभंगतो, आणि त्या परीक्षेंत कित्येक अस्सल हिरे फुकट गेले असतील. कणांच्या माऱ्यापुढें मात्र तो सिलिकनाहून अधिक टिकतो, कारण त्याच्या स्फटिकांतील अणु जागचा हलविण्यास फार ऊर्जा लागते. तथापि तो अमर नव्हे. मारा वर्षानुवर्षें चालला म्हणजे स्फटिकांत नवे दोष पडतात, प्रवाह क्षीण होत जातो, आणि अखेर तो तुकडा काढून त्याच्या जागीं दुसरा बसवावा लागतो. तोही प्रयोगशाळेंतच वाढविलेला.